मनोरा : सैन्याविना किल्ला आणि त्यावरील शिलालेख

तंजावर जिल्ह्यात, पाल्कच्या सामुद्रधुनीच्या काठी, सरभेंद्रराजपट्टिणम् येथे ‘मनोरा’ नावाची वास्तू उभी आहे. आठ मजली षट्कोनी बुरूज, भोवती तट आणि खंदक अशी तिची रचना आहे. २००४ च्या त्सुनामीचा तडाखा तिला बसला. दुरुस्तीनंतर आज ती पर्यटनस्थळ म्हणून जतन केली आहे. प्रवासी तिला किल्ला म्हणूनच ओळखतात. मात्र तुलनात्मक साहित्याच्या अभ्यासकाने तिच्याकडे संहिता म्हणून पाहिले पाहिजे.

ही वास्तू दुसऱ्या सरफोजीराजांनी (कारकीर्द १७९८–१८३२) बांधविली. ब्रिटिशांचा विजय आणि नेपोलियनचा पाडाव यांचे ते स्मारक होय. तिचा संबंध पुष्कळदा वॉटर्लूच्या लढाईशी जोडला जातो. परंतु शिलालेखातील साल १८१४ आहे आणि वॉटर्लूची लढाई जून १८१५ मधली. तेव्हा लेखाचा रोख एप्रिल १८१४ मधील नेपोलियनच्या पदत्यागाकडे आहे, असे मानणे अधिक सयुक्तिक ठरते.

येथे एक विसंगती लक्षात घ्यावी लागते. १७९९ च्या तहाने सरफोजींनी राज्यकारभार ईस्ट इंडिया कंपनीच्या स्वाधीन केला होता. प्रत्यक्ष सत्ता तंजावरचा किल्ला व त्याचा परिसर एवढ्यापुरतीच उरली होती. म्हणजे ज्या सत्तेने राज्य घेतले, तिच्याच विजयाचे स्मारक राजा उभारतो. इंग्रजी लेखात तो ब्रिटिश सरकारचा मित्र व सहयोगी म्हणून येतो. या शब्दांत मांडलिकत्व झाकले जाते, आणि राजाला युरोपच्या इतिहासात एक जागाही मिळते.

याच राजाच्या काळात, १८०३ मध्ये, बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर भोसले वंशाचा प्रदीर्घ इतिहास मराठीत कोरला गेला. दोन्ही लेख शेजारी ठेवून वाचल्यास फरक स्पष्ट होतो. मंदिरातील लेख एकभाषी, विस्तृत आणि वंशाभिमुख आहे. भोवतालची तमिळ प्रजा त्याचा उद्दिष्ट वाचक दिसत नाही. मनोऱ्यावरील लेख अगदी त्रोटक, पण पाच भाषांतला. त्यात इंग्रजी ही कंपनीची, मराठी राजघराण्याची, तमिळ प्रजेची आणि तेलुगू नायककाळापासून चालत आलेल्या दरबारी परंपरेची भाषा; त्यांच्या जोडीला फारसी-अरबी लिपीतील पाठही आहे. म्हणून यांतील मूळ कोणते व अनुवाद कोणता, या प्रश्नापेक्षा प्रत्येक पाठ कोणाला उद्देशून आहे, हा प्रश्न अधिक फलदायी ठरतो.

नावाचा विचारही उद्बोधक आहे. इंग्रजी लेख या वास्तूला स्तंभ म्हणतो, लोक तिला किल्ला म्हणतात, आणि रूढ झालेले ‘मनोरा’ हे नाव अरबीतून आलेला मराठी शब्द आहे. १८५५ मध्ये वारसाअभावी तंजावरचे संस्थान संपले, तरी तमिळ मुलखातील या गावात तो शब्द टिकून राहिला.

मराठी वाचकाच्या मनात ‘किल्ला’ या शब्दाबरोबर सह्याद्री आणि स्वराज्य उभे राहते. मनोरा त्या अर्थाला छेद देतो. येथे तट आहे, खंदक आहे. रक्षावयाचे राज्य मात्र नाही. जीर्णोद्धाराने दगड सावरले जातात, पण हा विरोध केवळ दगडांतून कळत नाही. त्यासाठी पाचही पाठ एकत्र वाचणे, आणि ते १८०३ च्या लेखासमोर ठेवून वाचणे, आवश्यक आहे.