कॉफीच्या पानावरील तांबेरा

नाशिककरांना गव्हाचा तांबेरा नवा नाही. थंडीच्या दिवसांत हवेत दमटपणा आला की निफाडकडील शेतात गव्हाच्या पानावर नारिंगी-तांबूस पुटकुळ्या उठतात; बोट फिरवले तर भुकटी बोटाला लागते. असाच एक तांबेरा कॉफीच्या पानावर पडतो. दोन्ही बुरशी एकाच मोठ्या कुळातल्या. पण गव्हावरची कॉफीवर जात नाही आणि कॉफीवरची गव्हावर येत नाही. कॉफी हे काही आपले पीक नव्हे. महाराष्ट्रात तिची झाडे पाहावयाची तर मेळघाटात चिखलदऱ्याला जावे लागते. तरीही तिच्या पानाची हकीकत येथे सांगण्याजोगी आहे. आम्ही शास्त्रज्ञ नव्हे, कामगार चळवळीतले. मजुराची मजुरी कशाकशाने बुडते, हे शोधता शोधता आम्ही या पानापर्यंत आलो.

पेयासाठी लागते ते कॉफीचे बी, पान नव्हे. पण झाडाचा स्वयंपाक चालतो पानात. त्यातून कॉफीची गंमत अशी की, फळ धरते ते बहुतेक मागल्या वर्षी वाढलेल्या फांदीवर. यंदा पाने गळाली तर झाडावरची फळे कशीबशी पिकतात, पण नवी फांदी वाढत नाही आणि पुढच्या सालचे पीक जाते. रोग दिसतो आज आणि पोटाला चिमटा बसतो वर्षाने!

१८६९ साली सिलोनमधील मळ्यांत ही भुकटी दिसली. तिची सूक्ष्म बीजे एका बाजूने गुळगुळीत व दुसऱ्या बाजूने खरखरीत असतात. म्हणून बर्कले या इंग्रज शास्त्रज्ञाने त्याच वर्षी तिला हेमिलिया व्हॅस्टाट्रिक्स, म्हणजे ‘अर्धे गुळगुळीत, विध्वंसक’ असे नाव दिले. नाव सार्थ ठरले. वीस वर्षांत सिलोनचा कॉफीचा धंदा बसला. मळेवाले चहाकडे वळले. परंतु मद्रास इलाख्यातून गेलेल्या तमिळ मजुरांना वळायला दुसरे पीक कुठले? बुडालेल्या मळ्यांवर त्यांची मजुरी थकली आणि पुष्कळांना आल्या वाटेने परतावे लागले.

रोगाचे कारण काय, यावर तेव्हा वाद होता. कोणी जमिनीला दोष देई, कोणी हवेला. १८८० ते १८८२ या काळात मार्शल वॉर्ड या तरुण शास्त्रज्ञाने मळ्यांत काचेच्या पट्ट्या ठेवून वाऱ्यावर उडणारी बीजे पकडली आणि ती पानावर रुजवून पाहिली. पानाच्या खालच्या अंगाला श्वासाची बारीक रंध्रे असतात. पाण्याचा थेंब काही तास टिकला की बीज रुजते, त्याचा तंतू रंध्रातून आत शिरतो आणि काही आठवड्यांनी तेथूनच नवी भुकटी बाहेर पडते. जंगल तोडून मैलोगणती एकच पीक लावल्याने वाऱ्याला आडकाठी उरली नव्हती, हेही वॉर्डने दाखविले. निदान अचूक होते. पण मळे वाचवायला फार उशीर झाला होता.

इलाज पुढे सापडला तो द्राक्षाच्या वेलीवर. फ्रान्समध्ये मिलार्डे यांनी १८८५ मध्ये मोरचूद व चुना यांचे मिश्रण द्राक्षाच्या केवड्यावर गुणकारी असल्याचे जाहीर केले. तेच हे बोर्डो मिश्रण. आपल्या द्राक्षबागाईतदारांच्या रोजच्या बोलण्यातले. कॉफीच्या मळ्यांतही ते फवारतात. मात्र फवारणी दर साली करावी लागते, तिला पैसा लागतो आणि पाठीवर पंप घेणारा माणूस लागतो.

म्हणून दुसरा मार्ग शोधला गेला : रोगाला दाद न देणारे झाड. म्हैसूर संस्थानातील केंट नावाच्या मळेवाल्याने १९११ साली असे एक झाड निवडले. त्याची रोपे सर्वत्र लागली. काही वर्षे सुखाची गेली आणि मग केंट जातीवरही तांबेरा पडला! झाड तेच होते, मग बदलले काय? चिकमगळूर जिल्ह्यात बाळेहोन्नूर येथे १९२५ मध्ये निघालेल्या संशोधन केंद्रात मेन या शास्त्रज्ञाने याचे उत्तर दिले. बुरशी दिसायला एक असली तरी तिच्या पोटजाती अनेक आहेत. एका जातीचे झाड जिला दाद देत नाही, तिची बहीण त्याच झाडावर पोसते. याच केंद्राने पुढे लायबेरिका कॉफीचा अंश असलेल्या वाणाशी केंटचा संकर करून एस-७९५ ही जात काढली. ती आजही मळ्यांत आहे, परंतु तिच्याही पानांवर लक्ष ठेवावेच लागते.

गव्हाची कथा निराळी नाही. आग्र्याचे डॉ. मेहता यांनी दाखवून दिले की, मैदानी उन्हाळ्यात तांबेऱ्याची बीजे मरतात, पण निलगिरी-पळणीच्या थंड डोंगरांत तग धरून दर साली वाऱ्याबरोबर परत येतात. महाबळेश्वरचे केंद्र या पोटजातींचा अभ्यास करते आणि निफाडच्या केंद्रातून ‘त्र्यंबक’, ‘तपोवन’ अशा आपल्याच तीर्थांच्या नावांचे गव्हाचे वाण शेतकऱ्यांच्या हाती आले आहेत.

चांगली जात निघाली, आता संशोधनावर खर्च कशाला, असा हिशेब मांडणारे शहाणे आम्हाला भेटतात. त्यांनी होंडुरासकडे पाहावे. २०१२-१३ च्या साथीने मध्य अमेरिकेत लाखो मजुरांचे काम गेले. तेव्हा होंडुरासमध्ये लेंपिरा या रोगाला न जुमानणाऱ्या जातीचा मोठा आधार वाटला. २०१७ मध्ये तीही तांबेऱ्याला बळी पडली. बुरशी रजा घेत नाही. तेव्हा पहारेकऱ्यालाही निवृत्त करता येत नाही.

आमचे मागणे दोन गोष्टींचे आहे. संशोधन केंद्रातील माणसे आणि पैसा चांगल्या सालीही कमी करू नये. आणि पान उलटून कसे पाहावे, हे खुडणीवरल्या बाईला कामाच्या वेळेत, भरपगारी शिकवावे. पानाच्या खालचा पहिला नारिंगी ठिपका शास्त्रज्ञाच्या आधी तिच्या दृष्टीस पडतो आणि पीक गेले तर पहिला रोजही तिचाच जातो.