टॉमकॅट सर्व्हरवरील देवनागरी अक्षरांचे दोष व त्यांचे निदान : ‘आजरा’ या शब्दाच्या आधारे

प्रस्तावना

जावा भाषेतील संकेतस्थळे चालविण्यासाठी महाविद्यालयीन प्रयोगशाळांतून आणि लहान संस्थांतून टॉमकॅट हा सर्व्हर मोठ्या प्रमाणावर वापरला जातो. सन मायक्रोसिस्टिम्समध्ये विकसित झालेली ही प्रणाली १९९९ मध्ये अपाचे सॉफ्टवेअर फाउंडेशनकडे सुपूर्द करण्यात आली. काटेकोर अर्थाने टॉमकॅट हा संपूर्ण ॲप्लिकेशन सर्व्हर नव्हे, तो सर्व्हलेट व जेएसपी चालविणारा कंटेनर आहे. परंतु व्यवहारात हा भेद फारसा पाळला जात नाही.

या सर्व्हरचे नेहमीचे दोष बहुधा स्वतःच ओरडून सांगतात. ८०८० क्रमांकाचे पोर्ट दुसऱ्या प्रणालीने अडविले असेल, स्मृती अपुरी पडली असेल किंवा डेटाबेसशी जोडणी तुटली असेल, तर लॉग फाइलमध्ये त्याची स्पष्ट नोंद होते आणि ती वाचणाऱ्यास उपायही सापडतो. देवनागरी अक्षरांचा दोष मात्र बहुतेक वेळा मुका असतो. अर्ज स्वीकारला जातो, पडद्यावर तसा संदेश येतो, लॉगमध्ये एकही त्रुटी दिसत नाही. आणि कित्येक महिन्यांनी दाखला छापताना विद्यार्थ्याच्या नावाच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग उमटते. म्हणूनच प्रस्तुत लेखात या एका दोषाचा विचार केला आहे.

अक्षर आणि बाइट

‘आजरा’ हा शब्द युनिकोडमध्ये चार संकेतांचा आहे : आ, ज, र आणि काना. यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचा प्रत्येक संकेत तीन बाइट व्यापतो. म्हणजे हा छोटा शब्द बारा बाइटांचा होतो. चार आणि बारा हे दोन आकडे लक्षात ठेवले, तर निदानाचे निम्मे काम होते.

पडद्यावर ‘आजरा’ऐवजी अनोळखी रोमन चिन्हांची माळ दिसली आणि तीत माथ्यावर तिरपी रेघ असलेला ‘ए’ चार वेळा आढळला, तर बारा बाइट शाबूत आहेत, फक्त ते चुकीच्या पद्धतीने वाचले गेले आहेत, असे समजावे. आयएसओ-८८५९-१ या पाश्चात्त्य संकेतपद्धतीत प्रत्येक बाइटला एक चिन्ह ठरलेले असते, म्हणून बारा बाइटांची बारा चिन्हे होतात. त्यांतील काही डोळ्यांना दिसत नाहीत इतकेच. ही माहिती उलट प्रक्रियेने परत मिळविता येते.

याउलट नेमकी चार प्रश्नचिन्हे दिसली, तर प्रकरण गंभीर आहे. ज्या संकेतपद्धतीत देवनागरीला जागाच नाही, तीत अक्षर बसविण्याचा प्रयत्न झाला आणि जावाने किंवा डेटाबेसने प्रत्येक संकेताच्या जागी एक प्रश्नचिन्ह ठेवले. डेटाबेसमध्येच अशी नोंद झाली असेल, तर मूळ नाव तेथून पुन्हा मिळत नाही. कागदी अर्ज हाच आधार उरतो. अशा वेळी कारण शोधत बसण्यापूर्वी अर्ज स्वीकारणे थांबवावे, हे अधिक शहाणपणाचे.

दोषाचे स्थान

चिन्हांची माळ बहुधा माहिती आत येतानाच्या टप्प्याकडे बोट दाखविते. पत्त्याच्या ओळीतून येणाऱ्या माहितीसाठी टॉमकॅटच्या सातव्या आवृत्तीपर्यंत आयएसओ-८८५९-१ हे गृहीत होते. आठव्या आवृत्तीपासून ते यूटीएफ-८ झाले. अर्जातून पोस्ट पद्धतीने येणाऱ्या माहितीस मात्र दहाव्या आवृत्तीपूर्वी संकेतपद्धती स्वतंत्रपणे सांगावी लागत असे, आणि तीही पहिला घटक वाचला जाण्यापूर्वी. येथेच अनेकांची फसगत होते. संकेतपद्धती ठरविणारा फिल्टर लिहिलेला असतो, परंतु त्याच्या आधी नोंदी ठेवणारा दुसरा फिल्टर एखादा घटक वाचून मोकळा झालेला असतो. मग नंतरची सूचना निमूटपणे दुर्लक्षिली जाते. फिल्टरचा क्रम बदलणे एवढाच त्यावर उपाय आहे.

प्रश्नचिन्हांचे मूळ बहुतेकदा माहिती बाहेर पडताना किंवा साठविताना असते. मायएसक्यूएलच्या ८.० पूर्वीच्या आवृत्त्यांत मूळ संकेतपद्धती लॅटिन-१ होती. तक्ता तयार करताना ती बदलली नाही, तर देवनागरीचा निभाव लागत नसे. दुसरे कारण अधिक फसवे आहे. २०२२ मध्ये आलेल्या जावा १८ पूर्वी जावाची मूळ संकेतपद्धती संगणकाच्या प्रणालीवर अवलंबून असे. लिनक्सवर तंत्रज्ञाने हाताने सुरू केलेला सर्व्हर त्याच्या खात्यातील यूटीएफ-८ ही मांडणी उचलतो. पण संगणक चालू होताना आपोआप सुरू झालेल्या सर्व्हरला अनेकदा भाषेची कोणतीच मांडणी मिळत नाही. २००५ नंतरच्या काही वर्षांत महाराष्ट्राच्या ग्रामीण भागाने दीर्घ भारनियमन सोसले. अशा परिस्थितीत काल बिनचूक चाललेली आज्ञावली वीज जाऊन आल्यावर प्रश्नचिन्हे छापू लागते, आणि ठपका वीजपुरवठ्यावर किंवा व्हायरसवर येतो. जुन्या जावावर सर्व्हरच्या सुरुवातीच्या आज्ञेतच फाइल एन्कोडिंग यूटीएफ-८ असे नमूद केल्यास हा प्रश्न बहुतांशी सुटतो.

‘आजऱ्या’ची अडचण

वरील सर्व दुरुस्त्या झाल्यावरही मराठीची एक खास अडचण उरते, आणि ती आजरा या नावातच दडली आहे. ‘आजऱ्याचा’, ‘आजऱ्याजवळ’ अशा रूपांत अर्धा र येतो. तो युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो : ०९३१ क्रमांकाचा ऱ व हलन्त, किंवा नेहमीचा र, हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह. पहिल्या प्रकारे ‘आजऱ्या’ सहा संकेतांचा, तर दुसऱ्या प्रकारे सात संकेतांचा होतो. डोळ्यांना दोन्ही सारखेच. जावाच्या तुलनेत मात्र ते दोन भिन्न शब्द आहेत. त्यामुळे एका कारकुनाने नोंदविलेला पत्ता दुसऱ्याच्या शोधात सापडत नाही आणि एकाच व्यक्तीच्या दोन नोंदी होतात. जावा ६ पासून उपलब्ध असलेली युनिकोड प्रमाणीकरणाची सोयही या दोन रूपांना एकत्र आणत नाही. माहिती स्वीकारतानाच एक रूप दुसऱ्यात बदलणारा नियम आज्ञावलीत स्वतंत्रपणे लिहावा लागतो, आणि जुन्या नोंदींवरही तो एकदा चालवावा लागतो.

नवे संकेतस्थळ खुले करण्यापूर्वी ‘आजऱ्याचा’ हा एकच शब्द दोन्ही प्रकारे टंकित करून अर्जातून व पत्त्याच्या ओळीतून पाठवावा, संगणक बंद करून पुन्हा आपोआप सुरू होऊ द्यावा, शोध घ्यावा आणि शेवटी तो कागदावर छापून पाहावा.