रानातल्या भाताची लोंबी कोण नासवतो?

श्रावण वद्य षष्ठी जवळ आली की रायपूरच्या बाजारात पसहरचा तांदूळ दिसू लागतो. भाव मात्र साध्या तांदळाच्या कितीतरी पट! त्या दिवशी छत्तीसगढमधल्या आया मुलांच्या आयुष्यासाठी कमरछठचा उपवास करतात. नांगरलेल्या जमिनीतले धान्य त्यांना वर्ज्य असते. चालतो तो तळ्याकाठी, डबक्यांत आपोआप उगवणारा रानभात, म्हणजेच पसहर. पिकताच त्याचे दाणे झडतात, म्हणून तो गोळा करणे मोठे कष्टाचे.

या भाताला कुणी पेरत नाही, औषध फवारत नाही. तरीही शेतातल्या भाताचे बुरशीजन्य रोग त्याला चुकलेले नाहीत. पानांवर करपा येतो, लोंबीभोवतीचा पर्णकोष कुजतो, दाणे काळवंडतात.

दोष बुरशीचा खरा, पण ती सहसा एकटी येत नाही. खोडकिडा खोड पोखरतो, ढेकण्या दुधाळ दाण्यात सोंड खुपसतो. या जखमा म्हणजे बुरशीला उघडी दारेच. पर्णकोषात राहणारा, डोळ्यांना न दिसणारा कोळी तर बुरशीचे बीजाणू अंगावर वाहून नेतो. मग लोंबी अर्धवटच निसवते आणि दाणे पोचट राहतात. तुडतुड्यांची तऱ्हा आणखी निराळी. ते रस शोषून चिकट गोड द्रव टाकतात आणि त्यावर काळी बुरशी वाढते.

करप्याला मात्र किडीची वाट पाहावी लागत नाही. त्याचे बीजाणू वाऱ्यावर येतात. २५ ते २८ अंश तापमान असले आणि पान दवाने वा पावसाने सलग दहा-बारा तास ओले राहिले की ते रुजतात. युरियाचा मारा झालेल्या लुसलुशीत पिकावर तर तो अधिकच फैलावतो.

रोग शेतात पसरला तर काय होते, हे बंगालने पाहिले आहे. १९४२ साली तिथल्या भातावर तपकिरी ठिपक्यांचा बुरशीरोग पसरला. १९४३ च्या भीषण दुष्काळाच्या कारणांत त्याचीही गणना होते.

रानात असे सहसा घडत नाही. तिथे सगळी रोपे एका वाणाची नसतात आणि एकाच वेळी निसवतही नाहीत. भोवती इतर गवते असतात, किडी खाणारे कोळी आणि चतुर असतात. काही रोपे आजारी पडतात, काही तगतात. तगलेल्यांचे बी पुढच्या वर्षी उगवते.

शेतकऱ्याला हाच रानभात शेतात घुसला की तण वाटतो आणि ते खरेही आहे. पण रोगाशी झुंजण्याचे गुण त्याच्या कुळात साठलेले आहेत. ‘ओरायझा मिनुटा’ या फिलिपाइन्समधल्या रानभाताचा करपा-प्रतिकार शास्त्रज्ञांनी संकरातून लागवडीच्या भातात आणला आहे. रायपूरमध्ये डॉ. आर. एच. रिछारिया यांनी १९७० च्या दशकात भाताचे १७ हजारांहून अधिक नमुने जमवले. आज इंदिरा गांधी कृषी विद्यापीठात २३ हजारांवर नमुने जपलेले आहेत.

तिजोरीतले बी सुरक्षित राहते, पण नव्या किडीशी, नव्या बुरशीशी त्याची गाठ पडत नाही. ती पडते तळ्याकाठीच. तळी बुजली की पसहर जातो. मग षष्ठीच्या ताटातला मूठभर भात तर जाईलच, शिवाय मुलांसाठी राखलेली रोगप्रतिकाराची शिदोरीही त्याच्याबरोबर जाईल.