जंतूंच्या घरचे मुद्रणदोष

मराठीच्या प्राध्यापकाने औषधांवर लिहावे, हे वाचकांना चमत्कारिक वाटेल. पण १९६५च्या सुमारास आमच्या आत्याबाईंना ज्या इंजेक्शनांनी क्षयातून उठवले, त्यांची सारी करामत चुकीच्या वाचनात आहे, हे कळल्यावर मला राहवेना. वर्षानुवर्षे चुकाच तपासत आलेला माणूस मी!

ते औषध स्ट्रेप्टोमायसिन. अमेरिकेत रट्गर्स येथे सेल्मन वाक्समन यांच्या प्रयोगशाळेत अल्बर्ट शॅट्झ या विद्यार्थ्याने १९४३ साली ते मातीतल्या सूक्ष्मजीवापासून मिळवले. पेनिसिलिनला दाद न देणारा क्षयाचा जंतू याच्यापुढे नमला. पुढे याच कुळात जेंटामायसिन आणि अमिकासिन जन्मली. कुळाचे नाव अमिनोग्लायकोसाइड.

जंतूच्या पेशीत रायबोसोम नावाचा जुळारी बसलेला असतो. समोरचा मजकूर वाचून तो एकेक खिळा जुळवतो आणि प्रथिन तयार करतो. हे औषध त्या जुळाऱ्यालाच चिकटते. मग तो ‘क’च्या जागी ‘ख’ उचलू लागतो. अशी सदोष प्रथिने पेशीच्या आवरणात शिरली की आवरण गळू लागते, औषध आणखी आत येते आणि जंतू मरतो. आपल्या पेशींतल्या जुळाऱ्याची घडण निराळी, म्हणून तो बहुतांशी बचावतो.

हृदयाच्या झडपांना जंतूंनी ग्रासले, तर काही वेळा पेनिसिलिन व जेंटामायसिन जोडीने देतात. पहिले जंतूची भिंत खिळखिळी करते, दुसरे आत शिरते. नवजात बालकाच्या रक्तात जंतू शिरल्यावरही जेंटामायसिन कामी येते. पोटात घेतल्यास ही औषधे रक्तात जवळजवळ उतरतच नाहीत, म्हणून सुईला पर्याय नाही.

मात्र यांचा राग मूत्रपिंडावर आणि कानांवर निघू शकतो. म्हणून डॉक्टर रोग्याचे वजन व मूत्रपिंडाची स्थिती पाहून मात्रा ठरवतात, गरज पडल्यास रक्तातले प्रमाणही तपासतात. कानात गुणगुण सुरू झाली, तोल जाऊ लागला, तर रोग्याने लाजू नये. तत्काळ सांगावे. गेलेले ऐकू येणे बहुधा परत येत नाही.

आत्याबाईंनी ती गुणगुण अशक्तपणाची समजून कोणाला सांगितली नाही. त्या बऱ्या झाल्या, पण कान अधू झाले ते कायमचेच. माझ्या लग्नातली सनई त्यांना ऐकू आली नाही. पण अक्षता टाकायला त्या सर्वांच्या पुढे होत्या!