घरचा हिशेब आणि पाच खाती



दिवसभर बँकेत दुसऱ्यांच्या पैशाचा पै-पैचा हिशेब ठेवणाऱ्या कारकुनाच्या घरचा हिशेब कसा असतो, हे कुणी विचारू नये! मी कला शाखेचा पदवीधर. नावे-जमा शिकलो ते नोकरीत. घरी मात्र पासबुकात दिसते ती शिल्लक आपली, अशीच माझी समजूत होती. या समजुतीची किंमत मला २०१९ साली मोजावी लागली.

गावाकडच्या आत्याने डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी साठवलेले ४०,००० रुपये माझ्याजवळ ठेवायला दिले. मी ते माझ्या पगाराच्या खात्यात भरले. खात्यावर ७२,००० दिसू लागले. त्या भरवशावर मुलीच्या क्लासची फी भरली, फ्रिज घेतला. चार महिन्यांनी आत्याचा फोन आला, "बाबा, डॉक्टरांनी तारीख दिली रे." खात्यावर तेव्हा होते ११,०००! शेवटी सौ.च्या पाटल्या गहाण ठेवून आत्याचे पैसे दिले. मला कसले व्यसन नाही, उधळपट्टीही नाही. चूक एवढीच की, आपले पैसे कोणते आणि दुसऱ्याचे कोणते, हे कुठेच वेगळे लिहिलेले नव्हते.

त्यानंतर कचेरीतील एका तरुण सहकाऱ्याने संगणकावर 'ग्नूकॅश' नावाचा हिशेबाचा कार्यक्रम घालून दिला. तो विनामूल्य मिळतो. १९९८ पासून तो लोकांच्या वापरात आहे. त्याचा पाया आहे द्विनोंदी पद्धत. ही पद्धत लुका पाचोली या इटालियन धर्मगुरूने १४९४ साली व्हेनिस येथे छापलेल्या गणिताच्या ग्रंथात समजावून सांगितली. तिचे सार असे की, पैसा एका खात्यातून निघतो तेव्हा दुसऱ्या कुठल्या तरी खात्यात पोहोचतोच. म्हणून प्रत्येक व्यवहार दोन ठिकाणी लिहायचा.

कितीही खाती उघडली तरी त्यांचे गट पाचच असतात. (१) मालमत्ता : बँकेतील शिल्लक, हातातील रोख, मुदत ठेव, भविष्य निर्वाह निधी. (२) देणी : घरकर्ज, क्रेडिट कार्ड, हातउसने, दुसऱ्याची ठेव. (३) उत्पन्न : पगार, व्याज. (४) खर्च : किराणा, वीजबिल, औषधपाणी, शिक्षण. (५) भांडवल : हिशेब सुरू करण्याच्या दिवशी आपल्याजवळ जे होते, त्याची आरंभीची नोंद येथे राहते. मालमत्तेतून देणी वजा केली की आपली खरी पुंजी कळते. आत्याचे ४०,००० बँकेत आले तसे 'देणी' गटात 'आत्या' या खात्यावरही लिहिले असते, तर ७२,००० पैकी माझे फक्त ३२,००० आहेत, हे त्याच दिवशी दिसले असते.

आता पगाराचे उदाहरण घेऊ. समजा, एकूण पगार ६०,००० आहे. त्यातून भविष्य निर्वाह निधी ५,०००, पतपेढीची मासिक ठेव ४,००० आणि व्यवसाय कर २०० कापून हातात ५०,८०० येतात. आपण म्हणतो, "९,२०० कापले गेले." पण खर्च झाले ते २०० रुपयेच. बाकीचे ९,००० आपल्याच मालमत्तेत गेले. ग्नूकॅशमध्ये एकाच नोंदीचे असे भाग पाडता येतात. पगार पूर्ण ६०,००० लिहावा आणि कपात ज्या-त्या खात्यावर टाकावी.

घरकर्जाचा हप्ताही असाच लिहावा. ६ लाखांचे कर्ज, ९ टक्के व्याज, १० वर्षांची मुदत असेल तर हप्ता सुमारे ७,६०० येतो. पहिल्या महिन्यात त्यातील ४,५०० व्याज म्हणजे खर्च. उरलेल्या सुमारे ३,१०० नी आपले देणे कमी होते. क्रेडिट कार्डाची गंमत याहून निराळी. वस्तू घेतली त्याच दिवशी खर्च लिहायचा आणि कार्डाचे देणे वाढवायचे. पुढे बिल भरले की देणे फिटते. तेव्हा पुन्हा खर्च लिहिला, तर एकच खर्च दोनदा धरला जातो.

नवशिक्याची आणखी एक चूक सांगतो, कारण ती मीच केली. सुरुवातीला मी खर्चाची साठेक खाती उघडली. चहा वेगळा, बिस्किटे वेगळी! दोन महिन्यांत कंटाळून गेलो. खाते उघडण्यापूर्वी स्वतःला विचारावे, 'हा आकडा वेगळा पाहून मी काही ठरवणार आहे काय?' उत्तर 'नाही' आले तर ते खाते नको. घराला खर्चाची दहा-पंधरा खाती पुरतात. महिनाअखेरीस पासबुकाशी ताळा करावा. त्यासाठी या कार्यक्रमात जुळवणीची सोय आहे. संगणक बिघडला तर सारेच जाईल, म्हणून फाईलची एक प्रत पेन ड्राइव्हवर काढून ठेवावी.

ज्यांच्याकडे संगणक नाही, त्यांनी शंभर पानी वहीत हीच पाच खाती आखावीत. ज्यांच्याकडे मंडळाची वर्गणी किंवा बचत गटाचे पैसे असतात, त्यांना हात जोडून विनंती की, ते आपल्या खात्यात ठेवू नयेत, संस्थेच्या नावाचे खाते काढावे. एखाद्या दिवशी नाइलाजाने ठेवावेच लागले, तर आधी 'देणी' मध्ये लिहावेत आणि मगच घरी जावे. हेतू कितीही शुद्ध असला तरी नोंद नसेल तर माणूस संशयाला पात्र होतो.

पाटल्या पुढे दीड वर्षाने सोडवून आणल्या. आत्याला आता स्पष्ट दिसते. माझ्या हिशेबात 'देणी' गटात 'आत्या' हे खाते मात्र अजून आहे. शिल्लक शून्य आहे, तरी मी ते काढून टाकलेले नाही.