शेजारची दोन शहरे

पुण्याहून नाशिकच्या रस्त्याने निघाले, की भोसरी आणि मोशी हे पिंपरी-चिंचवड शहराचे भाग लागतात. पुढे इंद्रायणीचा पूल ओलांडला, म्हणजे चाकण फारसे दूर राहत नाही. दोन्ही ठिकाणी कारखान्यांच्या रांगा आहेत. पाळी सुटली, की दोन्हीकडचे रस्ते कामगारांनी फुलून जातात. परंतु शहराचा प्रमुख निवडण्याची ह्या शेजाऱ्यांची रीत मात्र निरनिराळी आहे.

पिंपरी-चिंचवडची नगरपालिका १९७० साली स्थापन झाली व १९८२ साली तिची महानगरपालिका झाली. येथील मतदार आपापल्या प्रभागातून नगरसेवक निवडतात आणि नगरसेवक आपल्यातून महापौर निवडतात. ज्या पक्षाचे किंवा आघाडीचे नगरसेवक अधिक, त्यांचा महापौर होतो. दैनंदिन कारभार राज्य सरकारने नेमलेला आयुक्त पाहतो. लोकसभेत ज्याच्या बाजूला बहुमत, तो देशाचा पंतप्रधान होतो, त्याच वळणाची ही निवड आहे. त्या पद्धतीस संसदीय पद्धत म्हणतात.

चाकणला नगरपरिषद आहे. डिसेंबर २०२५ च्या निवडणुकीत तेथील मतदारांनी नगरसेवकांसाठी मते दिली आणि नगराध्यक्षासाठी वेगळे मत दिले. ही रीत अध्यक्षीय पद्धतीच्या जवळची आहे. ब्राझील देशात राष्ट्राध्यक्ष असाच थेट लोकांच्या मतांनी निवडला जातो.

ह्यांपैकी चांगली रीत कोणती? थेट निवडीत जाब कोणाला विचारावा, हे लोकांना स्पष्ट कळते. परंतु अध्यक्ष एका पक्षाचा आणि सभागृहातील बहुमत दुसऱ्या पक्षाचे, असे झाले तर कामे अडून राहू शकतात. शिवाय पक्ष अनेक असले, म्हणजे मते विभागली जातात. शंभर मतांपैकी चार उमेदवारांना ३५, ३०, २० आणि १५ मते पडली, असे समजा. पहिला निवडून येईल. पण ६५ मतदारांनी त्याला मत दिलेले नसेल. म्हणून ब्राझीलमध्ये कोणालाही निम्म्याहून अधिक मते न मिळाल्यास पहिल्या दोघांत पुन्हा निवडणूक होते. चाकणला तशी दुसरी फेरी नाही. उलट, प्रतिनिधींनी प्रमुख निवडला, तर सभागृहातील बहुमत त्याच्या पाठीशी राहते. पण मतदाराचा हात त्याच्यापर्यंत थेट पोहोचत नाही. महाराष्ट्रातही हा प्रश्न एकदाच सुटला नाही. नगराध्यक्षाची थेट निवड २०१६ साली आली, पुढे ती रद्द झाली आणि २०२२ साली पुन्हा सुरू झाली.

मात्र ह्या दोन्ही रीतींना आधार एकच, तो म्हणजे वेळेवर होणारी निवडणूक. पिंपरी-चिंचवडच्या नगरसेवकांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि पुढची निवडणूक जानेवारी २०२६ मध्ये झाली. मधल्या काळात कारभार प्रशासकाच्या हाती होता. प्रशासक कामात कितीही निष्णात असला, तरी त्याला मत मागण्यासाठी लोकांच्या दारी यावे लागत नाही. नळाला पाणी आले नाही, तर ज्याला निवडून दिले त्याला बोलावून विचारावे, ही सोयच त्या काळात उरली नव्हती. महापौर असो की नगराध्यक्ष, ठरलेल्या मुदतीने त्याच्या पक्षाला लोकांपुढे उभे राहावे लागते. लोकशाहीतील मताचे खरे बळ त्यातच आहे.