विझलेल्या तबकडीतले जागे रेडियम

रिक्षाच्या मागे चमकणारी अक्षरे, नंबरप्लेटवरची पट्टी, मुलांच्या खोलीत छताला चिकटवलेले चांदतारे, या सगळ्याला आपण सरसकट ‘रेडियम’ म्हणतो. पण यातल्या कशातही रेडियमचा कणसुद्धा नसतो. काही वस्तू आपल्यावर पडलेला उजेड परत फेकतात, काही तो साठवून नंतर सोडतात, इतकेच. हा शब्द आपल्या बोलण्यात बहुधा घड्याळांमुळे रुळला असावा. आजोबांच्या काळातले ‘रेडियमचे घड्याळ’ म्हणजे अंधारात आकडे दिसणारे घड्याळ, आणि त्यात पुष्कळदा खरोखरच रेडियम असे.

हे सगळे आठवले ते एका मित्रामुळे. त्याला जुन्या, उंची स्विस घड्याळांचा नाद आहे. उशाशी असलेल्या कपाटाच्या खणात त्याची चौदा घड्याळे मखमलीवर ओळीने मांडलेली असतात आणि रोज सकाळी चहाच्या आधी तो एकेकाला किल्ली देतो. सेकंदाला पाच टोले देणारे ते यंत्र कानाशी धरले की बॅटरीवरच्या घड्याळात काय हरवले ते कळते, असे त्याचे म्हणणे. मलाही ते पटते. मागच्या महिन्यात त्याने १९५०च्या आसपासचे एक घड्याळ दाखवले. आकडे कडक चहासारखे तपकिरी झालेले. ‘हे आता अंधारात दिसत नाही रे. घड्याळजीकडून जुनं रेडियम खरवडून नवं भरून घेणार आहे,’ तो म्हणाला. मी त्याला तेवढे एक करू नकोस म्हणून सांगितले.

त्याचा समज असा की चमक गेली म्हणजे रेडियम संपले. प्रत्यक्षात उलटे घडलेले असते. या रंगात दोन गोष्टी मिसळलेल्या असत : रेडियमचा क्षार आणि झिंक सल्फाइड. रेडियममधून सतत बाहेर पडणारे कण झिंक सल्फाइडवर आदळतात आणि ते उजळते. पण हा मारा झेलून झेलून काही दशकांत झिंक सल्फाइडच निकामी होते. रेडियमचे तसे नाही. रेडियम-२२६ निम्मे व्हायला सुमारे १,६०० वर्षे लागतात. म्हणजे माझ्या मित्राच्या घड्याळात त्या काळी घातलेल्या रेडियमपैकी शंभरातले जवळजवळ ९७ भाग आजही तसेच आहेत. दिवा विझला आहे, चूल पेटलेलीच आहे.

बंद घड्याळ मनगटावर बांधल्याने लगेच काही होते असे नाही. रेडियममधून निघणारे अल्फा कण काच किंवा धातूचे झाकण ओलांडू शकत नाहीत. काही गॅमा किरण बाहेर येतात, पण एका घड्याळापासून मिळणारी मात्रा थोडी असते. खरा धोका रेडियम शरीरात जाण्याचा. रासायनिकदृष्ट्या ते कॅल्शियमचे भाऊबंद. त्यामुळे पोटात गेलेल्या रेडियमचा काही भाग शरीर हाडांत नेऊन बसवते आणि मग तो वर्षानुवर्षे आतूनच मारा करत राहतो.

हे जगाला कळले ते अमेरिकेतल्या तबकड्या रंगवणाऱ्या मुलींमुळे. पहिल्या महायुद्धाच्या काळापासून न्यू जर्सीतल्या ऑरेंज गावच्या कारखान्यात तरुण मुली हे काम करत. बारीक आकडा काढायचा तर कुंचल्याला टोक हवे, म्हणून तो ओठांत धरून टोक काढायचे, असे त्यांना शिकवलेले होते. दर वेळी थोडे रेडियम पोटात जाई. पुढे कुणाचे दात पडले, कुणाचे जबड्याचे हाड कुजले, कुणाला रक्तक्षय झाला. ग्रेस फ्रायर आणि तिच्या चार मैत्रिणींनी लावलेला दावा १९२८ मध्ये तडजोडीने मिटला. ज्या सॅबिन फॉन सोकोकीने तो रंग तयार केला होता, तोही त्याच वर्षी रक्ताच्या विकाराने गेला.

तरी रेडियमच्या तबकड्या १९६०च्या दशकापर्यंत निघत राहिल्या. इटालियन नौदलाच्या पाणबुड्यांसाठी घड्याळे करणाऱ्या पानेराईने तर ‘रेडिओमिर’ हे नावच या रंगावरून घेतले. आज त्या नावाने मिळणाऱ्या नव्या घड्याळात रेडियम नसते, आपल्या नंबरप्लेटसारखेच. रोलेक्सच्या पहिल्या जीएमटी-मास्टरच्या बेकलाइटच्या कड्यावर तर स्ट्रॉन्शियम-९० होते आणि अमेरिकेत ती परत मागवावी लागली. गंमत म्हणजे संग्राहक आज नेमके तेच मूळ कडे शोधत हिंडतात. काटा वर्षानुवर्षे एकाच जागी थांबला की रेडियमने तबकडीवर त्याची करपलेली सावली उमटते. तिलाही लोक भाव देतात. हौसेला मोल नाही हे खरे, पण तो डाग कशाचा आहे हे माहीत असावे.

रेडियमनंतर ट्रिटियम आले. त्याचे किरण इतके दुबळे की त्वचेलाही ते पुरते भेदू शकत नाहीत. शिवाय ते साधारण सव्वाबारा वर्षांत निम्मे होते, म्हणजे पन्नास वर्षांनी जेमतेम सोळावा भाग उरतो. तबकडीच्या तळाशी ‘स्विस’ या शब्दाच्या दोन्ही बाजूंना इंग्रजी ‘टी’ हे अक्षर दिसले, तर ते मूळ तबकडीवर ट्रिटियम असल्याची खूण. १९९०च्या दशकात जपानी नेमोतो कंपनीचा स्ट्रॉन्शियम अॅल्युमिनेटचा रंग आला. नाव स्ट्रॉन्शियमचे असले तरी तो किरणोत्सर्गी नाही, नुसता उजेड साठवतो.

आपल्याकडे याला आणखी एक पदर आहे. जगभरचे संग्राहक ‘मुंबई स्पेशल’ हा शब्द नाक मुरडून वापरतात : जुने घड्याळ, पण तबकडी खरवडून भडक रंगात नव्याने रंगवलेली. फसवणुकीच्या अंगाने त्यावर खूप बोलले जाते. मला मात्र ती खरवडणाऱ्या माणसाची काळजी वाटते. मूळ तबकडी रेडियमची असेल तर ती धूळ लहानशा दुकानात, त्याच्या बोटांवर, डब्यातल्या पोळीवर बसते. न्यू जर्सीच्या मुलींच्या पोटात रेडियम गेले तसेच तेही जाते.

संग्रह मोठा असेल तर हवेचाही विचार करावा लागतो. रेडियमपासून रेडॉन वायू तयार होतो आणि तो घड्याळाच्या फटींतून बाहेर येतो. धूम्रपानाखालोखाल फुप्फुसाच्या कर्करोगाचे महत्त्वाचे कारण म्हणून तो ओळखला जातो. २०१८ मध्ये इंग्लंडमधल्या नॉर्दम्प्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी रेडियमची ३० जुनी घड्याळे तपासली. हवा न खेळणाऱ्या खोलीत त्यांच्यामुळे रेडॉनची पातळी तिथल्या शिफारशीच्या १३४ पट होऊ शकते, असे त्यांना आढळले.

म्हणून १९६०च्या दशकापर्यंतचे, तपकिरी पडलेल्या जाड रंगाच्या आकड्यांचे घड्याळ हाती आले तर ते घरी उघडू नये. खात्री गायगर काउंटरनेच होते; अंधारात चमकत नाही, हा पुरावा नव्हे. काच फुटली असेल तर घड्याळ प्लास्टिकच्या बंद पिशवीत घालावे, हात साबणाने धुवावेत आणि मुलांच्या हाती ते पडू देऊ नये. दुरुस्तीला देताना घड्याळजीला आधी सांगावे. रंग फुंकून किंवा खरवडून काढायचा नाही, हेही स्पष्ट सांगावे.

मित्राने आकडे तसेच ठेवले. खण मात्र उशाशेजारून हलला. घड्याळे आता दिवाणखान्यात, उघड्या खिडकीजवळच्या कपाटात असतात. किल्ली तो अजून रोज सकाळी देतो, फक्त चहा आता हात धुऊन घेतो.